सातबारा सांगतो किती, नकाशा सांगतो कुठे

(श्रीपूर, ता. माळशिरस, जि. सोलापूर इथे बचत गटांतल्या आणि ऊसतोड करणाऱ्या महिलांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचे शब्दांकन.)

आज मी नकाशावर बोलणार आहे असं कळल्यावर तुमच्यातल्याच एक बाई मला म्हणाल्या, "ताई, नकाशा शाळेत असतो. आणि आता रस्ता तर मोबाईलच दावतोय. त्यात बोलायचं काय?" त्यांचं म्हणणं खरं आहे. घडीचा कागदी नकाशा पसरून बसलेलं माणूस आता दिसत नाही. पोरं नकाशा बघतात ती भूगोलाच्या पेपरापुरती. शहरातले जाणकार हळहळतात, की नवी पिढी नकाशा वाचायला विसरली.

या हळहळीत मला एक प्रश्न पडतो. विसरणार कोण? ज्याला आधी येत होतं तो. आपल्यापैकी किती जणींच्या हातात गावाचा नकाशा कधी आला होता? गावनकाशा तलाठ्याच्या कपाटात होता, त्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात. जमिनीचा नकाशा घरातल्या कर्त्या पुरुषाच्या ट्रंकेत होता. आपल्यापर्यंत पोचायच्या आधीच कागदाचा नकाशा मागे पडला आणि त्याच्या जागी मोबाईल आला. तो तरी आपल्या हातात आहे का? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत, स्वतः वापरता येईल असा मोबाईल जवळ असलेल्या बायका देशात ५४ टक्के निघाल्या. म्हणजे जवळजवळ निम्म्या बायकांसाठी नकाशा ट्रंकेतून निघाला आणि नवऱ्याच्या नाहीतर मुलाच्या खिशात गेला.

मग लोक म्हणतात, बायकांना दिशा कळत नाहीत, नकाशा कळत नाही. यावर विनोदही खूप आहेत. तेव्हा आधी याचाच निकाल लावू.

समाजकार्याचं शिक्षण घेताना आम्हाला गावात जाऊन लोकांच्या हातून नकाशा काढून घ्यायला शिकवलं होतं. पुढे कामात मी ते अनेक गावांत केलं. पुरुष नकाशा काढतात तेव्हा देऊळ, ग्रामपंचायत, सोसायटी, कारखान्याचा रस्ता ठळक येतो. बायका रांगोळी घेऊन बसल्या, की नळ कुठला, कोणत्या विहिरीचं पाणी उन्हाळ्यात टिकतं, सरपण कुठे मिळतं, संडासला जायची जागा, दारूचा गुत्ता, दिवा नसलेला वळणाचा रस्ता, एकटी राहणारी म्हातारी, हे सगळं येतं. कुठला बांध कुणाचा, कोणत्या ओढ्याला कधी पाणी येतं, हे त्या न अडखळता सांगतात. मग दिशा कुणाला कळत नाही? फक्त या नकाशावर सरकारी शिक्का नसतो.

शास्त्रज्ञांनीही याचा शोध घेतला आहे. मोबाईलवरच्या एका वाट शोधण्याच्या खेळातून ५७ देशांतल्या साडेपाच लाखांहून अधिक लोकांची माहिती गोळा झाली आणि २०१८ साली तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पुरुष सरासरीने पुढे दिसले. पण ज्या देशांत स्त्री-पुरुष समता जास्त, तिथे हा फरक कमी होता. मी त्याचा अर्थ असा लावते: वाट शोधणं फिरण्यातून येतं. मुलाला लहानपणी सायकल देऊन "जा, हिंडून ये" म्हणायचं, मुलीला "अंधाराच्या आत घरात ये" म्हणायचं, आणि वीस वर्षांनी म्हणायचं, हिला रस्ता कळत नाही. हा कुठला न्याय?

आता आपल्या भागाकडे येऊ. इथून उत्तरेला नीरा ओलांडली की इंदापूर तालुका लागतो. आपण आज जिला सर्व्हे नंबर, मोजणी, आकार म्हणतो, ती पद्धत मुंबई इलाख्यात रुजली ती या इंदापुरात. आधी प्रिंगल नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याची जमाबंदी फसली. सारा डोईजड झाला आणि माणसं रानं टाकून गेली. मग गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी नव्याने मोजणी केली आणि १८३६ साली इंदापुरात नवी जमाबंदी लागू झाली. १८४७ मध्ये तिचे नियम पक्के झाले आणि इलाखाभर तीच पद्धत गेली. ३३ फुटांची साखळी, तिचे सोळा आणे. साखळीभर लांब, साखळीभर रुंद म्हणजे एक गुंठा, आणि असे ४० गुंठे म्हणजे एक एकर. आपल्या भाषेत सांगायचं तर नऊवारी लुगडं २७ फुटांचं. साखळी त्याहून दोन वार लांब. एवढंच ते गणित आहे. त्यात बाईच्या डोक्याला न पेलणारं काही नाही.

पण ही मोजणी झाली सारावसुलीसाठी. सरकारला हवा होता सारा भरणारा, आणि कागदावर तो पुरुष होता. त्या रानात खुरपणारी, बी पेरणारी, कापणी करणारी बाई मोजणीत कुठेच नव्हती. तिचं नाव त्या कागदावर येण्यासाठी पुढे दीडशे वर्षं जावी लागली.

तो इतिहास तुमच्यातल्या जुन्या कार्यकर्त्यांना पाठ आहे, म्हणून भरभर सांगते. १९९० च्या सुमारास शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीची मोहीम काढली आणि गावोगावच्या शेतकऱ्यांनी बायकांच्या नावावर जमिनी केल्या. १९९२ मध्ये राज्य सरकारने सातबाऱ्यावर पत्नीचंही नाव लावण्याचा मार्ग खुला केला. १९९४ मध्ये महाराष्ट्राने मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत जन्मतः हक्क दिला, पण त्याआधी लग्न झालेल्या मुलींना वगळलं. २००५ च्या केंद्राच्या दुरुस्तीने ती अट गेली. आणि २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की २००५ मध्ये वडील हयात होते की नाही यावर मुलीचा हक्क अवलंबून नाही. एवढं होऊनही २०१५-१६ च्या कृषिगणनेत देशातल्या वहितीदारांमध्ये बायका जेमतेम १४ टक्के होत्या. तेव्हा नाव लावून घेण्याची लढाई चालूच राहणार आहे.

पण नाव लागलेल्या बाईला मी विचारते, "बाई, तुझं रान कुठं?" ती म्हणते, "दीर दावतील तिथं." इथेच सगळं अडतं. सातबारा सांगतो किती. एक एकर दहा गुंठे. ते एक एकर दहा गुंठे कालव्याच्या कडेचे की माळावरच्या मुरमाचे, हे सातबारा सांगत नाही. ते नकाशा सांगतो. सातबारा मागायला आपण बायकांना शिकवलं. नकाशा मागायला शिकवायचं राहिलं आहे.

आपल्याच भागातल्या एका बाईचं सांगते. तिची ओळख पटू नये म्हणून गाव सांगत नाही. नवरा वारला, सातबाऱ्यावर वारस म्हणून तिचं नाव लागलं. गट एकत्र होता. भावकीने तिला वरच्या अंगाचा तुकडा दाखवला, "हे तुझं." पाच-सहा वर्षं ती तो कसत राहिली. मुलगी कॉलेजला गेल्यावर तिने मोबाईलवर महाभूनकाशा उघडून गट नंबर टाकला. गट दिसला, पण सगळा मिळून एकच. आत एकही रेघ नव्हती. म्हणजे वाटणी तोंडीच होती. रेघच काढलेली नव्हती, तर मोबाईल तरी काय दाखवणार?

तिने तहसीलदारांकडे वाटपाचा अर्ज केला. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ खाली तो करता येतो. पुढे मोजणी लागली. पूर्वी साखळी ओढत दिवसभर चालणारी मोजणी आता रोव्हर नावाच्या यंत्राने होते. काठीवर बसवलेलं यंत्र उपग्रहांकडून खुणा घेतं आणि काम झटपट उरकतं. चांगली गोष्ट आहे. पण साखळी ओढली जायची तेव्हा निदान डोळ्यांना दिसायचं, की ती कुठून कुठे गेली. आता भूकरमापक कोपऱ्यावर क्षणभर उभा राहतो आणि पुढे जातो. भावकीतले पुरुष त्याच्या मागे फिरत होते. ही चहाचं तबक घेऊन बांधावर उभी. शेवटी कागद पुढे आला, "इथं सही करा."

आमची कार्यकर्ती तिथे होती. ती म्हणाली, "आधी या बाईंना कागद समजावून सांगा." भूकरमापक चांगला माणूस होता. त्याने कागद जमिनीवर पसरला, उत्तरेची खूण उत्तरेकडे फिरवली आणि म्हणाला, "मावशी, तुम्ही आत्ता इथं उभ्या आहात." बाईने ओढा ओळखला, चिंच ओळखली, बोट फिरवत फिरवत गेली आणि थांबली. "आमची हीर कुठाय?" सामाईक विहीर कागदावर आलीच नव्हती. कुणी दाखवलीच नव्हती! तिच्या जबाबात विहिरीतल्या हिश्श्याची नोंद झाली, मगच तिने सही केली. वाटपाचं प्रकरण अजून संपलेलं नाही. पण न वाचता सही केली असती, तर विहिरीचं नावही निघालं नसतं. आणि बघा, तिला नकाशा शिकायला पाच मिनिटं लागली. रान तिला आधीच पाठ होतं. कागद फक्त त्या रानाशी जुळवायचा होता.

दुसरं उदाहरण रस्त्याचं. आपल्या माळशिरस तालुक्यातून दोन्ही पालखी मार्ग जातात, ज्ञानोबांचा आणि तुकोबांचा. ते रुंद करण्यासाठी जमिनी घेतल्या गेल्या. राष्ट्रीय महामार्गासाठी जमीन घ्यायची असते तेव्हा अधिसूचनेत गट नंबर आणि क्षेत्र छापून येतं आणि हरकतीला २१ दिवस मिळतात. आपला गट कोणता आणि रस्ता त्याच्या कोणत्या अंगाने जाणार, हेच जिला माहीत नाही, तिचे २१ दिवस घरात "काय झालं, काय झालं" विचारण्यातच जातात. मोबदल्याचे पैसे आले की ते कुणाच्या खात्यात गेले, हा प्रश्न मग फार उशिराचा असतो.

आता कुणी म्हणेल, ताई मोबाईलच्या विरुद्ध आहेत. मुळीच नाही. स्कूटीवरून अकलूजला क्लासला जाणारी मुलगी, परीक्षेसाठी पहिल्यांदा पुण्याला एकटी गेलेली मुलगी, चौकातल्या पुरुषांच्या घोळक्यासमोर थांबून पत्ता विचारण्याची वेळ तिच्यावर आता येत नाही. रात्री घरातून जीव वाचवून निघालेल्या बाईला सखी केंद्र कुठे आहे ते हाच मोबाईल दाखवतो. ही स्वातंत्र्याची गोष्ट आहे आणि ती आपण सोडायची नाही. माझं म्हणणं एवढंच, की तो काय सांगतो आणि काय सांगत नाही, हे ओळखून तो वापरावा.

आकाशातले उपग्रह आपल्याला सांगतात, तुम्ही इथे आहात. ही जागा कुणाची, या वाटेवर हक्क कुणाचा, हे ते सांगत नाहीत. मोबाईल दाखवतो तो मुख्यतः गाडीचा रस्ता. बाई चालते पायवाटेने. जुन्या गावनकाशावर ही पायवाट असते. तुटक एकेरी रेघ पायमार्गाची, तुटक दुहेरी रेघ गाडीमार्गाची. कुणी बांध कोरला, काटे लावले, वाट अडवली, की वस्तीवरच्या बाईला पाण्याला अर्धा कोस फिरून जावं लागतं, पोरींची शाळा सुटते. तहसीलदारापुढे ती सांगते, "आम्ही वर्षानुवर्षं जातोय." समोरचा म्हणतो, "वाट नव्हतीच." तिथे ती तुटक रेघ मोठा पुरावा ठरते. मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ खाली अडवलेली वाट खुली करून मागता येते. मात्र अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत दावा करावा लागतो. वाटच नसेल तर महसूल संहितेच्या कलम १४३ खाली बांधावरून वाट मागता येते. पण ही रेघ बघायला कोण जाणार? नकाशा वाचणारं माणूस गावात उरलं नाही, तर रेघ कागदावर असूनही नसल्यासारखीच.

इथे ऊसतोडीच्या टोळ्यांतल्या बहिणीही बसल्या आहेत. त्यांचा प्रश्न आणखी वेगळा आहे. हंगामात त्या मराठवाड्यातून येतात आणि आज या फडात, चार दिवसांनी दुसऱ्या. कोप्या कुठे पडणार ते मुकादमाला माहीत. फड कुणाचा, तेही त्यालाच माहीत. अशात एखादीला कळा सुरू झाल्या, कुणाला पान लागलं, कुणी अंगावर हात टाकला, तर १०८ ला किंवा ११२ ला फोन लावायचा. पलीकडून पहिला प्रश्न येतो, "कुठून बोलताय?" आणि बाई गप्प होते, कारण तिला ठाऊक नाही. आपल्याकडे माणूस राहतो वस्तीवर आणि गावठाण असतं दोन-तीन किलोमीटरवर. गावाचं नुसतं नाव सांगितलं की गाडी गावात येऊन थांबते आणि उसात ओरडलेलं कुणाला ऐकू जात नाही. आपण कुठे आहोत ते सांगता येणं ही या बायकांसाठी जिवाची गोष्ट आहे.

आणखी एक बाजू बोलायला हवी, कारण आमच्याकडे सल्ल्याला येणाऱ्या बायका ती वरचेवर सांगतात. मोबाईलचा नकाशा दोन्हीकडून बघता येतो. बाईला रस्ता दिसतो आणि नवऱ्याला बाई दिसते. "लाईव्ह लोकेशन टाक. बाजारात होतीस म्हणतेस, मग तिथं वीस मिनिटं काय करत होतीस?" पूर्वी उंबरठ्यावर पहारा असायचा, आता तो पिशवीत असतो. काळजीपोटी एकमेकांना ठिकाण सांगणं वेगळं आणि हिशेब मागणं वेगळं. ठिकाण कुणाला दिसावं, किती वेळ दिसावं, हे जिचा फोन तिने ठरवायचं. आपल्या फोनवरून आपलं ठिकाण कुणाला जातंय ते कसं तपासायचं आणि कसं बंद करायचं, हे प्रत्येक गटात एका तरी मुलीने शिकून बाकीच्यांना शिकवावं. मात्र जिच्या घरात मारहाण आहे तिने ते एकदम बंद करू नये. बंद झालेलं त्याला लगेच कळतं. आधी कार्यकर्तीशी बोलून, सुरक्षित जागा ठरवून मगच पाऊल उचलावं.

मैत्रिणींनो, शिबिर संपलं की भाषण संपतं, म्हणून आता कामाचं बोलते.

पहिलं काम. प्रत्येक गटाने आपल्या गावाच्या नकाशाची प्रत भूमी अभिलेख कार्यालयातून काढावी. फी भरून ती मिळते. ती गुंडाळून कपाटात ठेवू नका. बैठकीच्या जागी भिंतीवर लावा.

दुसरं. त्यावर चार गोष्टी ओळखायला शिका. एक, उत्तर कुठे. सकाळी सूर्याकडे तोंड करून उभं राहिलं की डावा हात उत्तरेला. दोन, प्रमाण. एका इंचाला ६६० फूट असं असेल, तर कागदावरचं तुमच्या बोटाचं एक पेर म्हणजे साधारण २० साखळ्या. तीन, खुणा. ओढा, विहीर, पायमार्ग, गाडीमार्ग. चार, आपला गट नंबर आणि त्याच्या चारी बाजूंचे नंबर. चतुःसीमा तोंडपाठ हवी. लेकराचं नाव जसं सांगतो तशी.

तिसरं. कागद घेऊन शिवारात फिरा. सगळ्या जणींनी मिळून. जिचं रान येईल तिने थांबून सांगायचं, "हे माझं." काही जणींनी हे शब्द आयुष्यात कधी उच्चारलेले नाहीत. पहिल्यांदा जीभ अडखळते.

चौथं. कुणाच्याही मोजणीला बाई एकटी राहता कामा नये. गटातल्या दोघी बरोबर जा. चहा दुसरं कुणी करील, आपण भूकरमापकाच्या मागे चालायचं. कागद समजल्याशिवाय सही करायची नाही. मोजणी नकाशाची 'क' प्रत मागून घ्यायची. मोजणी मान्य नसेल तर वरच्या अधिकाऱ्याकडून निमताना मोजणी मागता येते, हे लक्षात ठेवायचं.

पाचवं, ऊसतोडीच्या बहिणींसाठी. या भागातल्या गटांनी हंगामात कोप्यांवर जाऊन एक चिठ्ठी द्यावी. गाव, वस्तीचं नाव, शेतकऱ्याचं नाव, मोठ्या रस्त्यापासून किती आत, जवळची खूण, आणि १०८, ११२, १८१ हे नंबर. टोळी दुसऱ्या फडावर गेली की नवी चिठ्ठी. वाचता न येणाऱ्या बाईला ती तोंडपाठ करून घ्यावी. मुकादमाने हरकत घेतली तर सांगा, की पाहुणी आपल्या गावात आली आहे आणि तिला गावाचं नाव सांगतोय.

बिना अग्रवाल यांनी १९९४ साली बायकांच्या जमीनहक्कावर मोठा ग्रंथ लिहिला. कागदावरचा हक्क आणि प्रत्यक्ष ताबा यांत फार अंतर असतं, हे त्यांनी त्यात दाखवून दिलं. ते अंतर चालून जायचं आहे आणि चालायला नकाशा लागतो. तो कागदाचा असो की काचेवरचा, वाचता आपल्याला आला पाहिजे.

आता चहानंतर या मांडवाबाहेर रांगोळी ठेवली आहे. गावागावाचे गट करून बसा आणि आपापलं शिवार काढा. गावनकाशाची प्रत मिळालेल्या दोन गटांनी ती शेजारी पसरावी. आपल्या नकाशात काय आहे जे त्यात नाही, आणि त्यात काय आहे जे आपल्याला आजवर कुणी सांगितलं नाही, ते मोठ्याने वाचायचं. लिहून घ्यायला मी वही घेऊन बसते.